नाशिकच्या घरात बाथटब घ्यावा की शॉवर?

न्हाणीघर नव्याने करताना अनेकजण आधी दुकानात टब पसंत करतात आणि तो कुठे व कसा बसेल, हा प्रश्न प्लंबर आल्यावरच विचारात घेतात. क्रम उलटा ठेवावा, कारण गीझर, स्लॅब आणि घरातील माणसांची वये पाहिली की पुष्कळदा निर्णय आपोआप होतो.

सुरुवात गरम पाण्यापासून करावी. पाच फुटी टब अंग बुडेल इतका भरण्यास साधारण 150 लिटर पाणी लागते. नाशिकच्या थंडीत टाकीतले पाणी 18 अंशांवर आहे असे धरल्यास, 65 अंशांपर्यंत तापलेल्या 25 लिटरच्या गीझरमधून अंगाला सोसेल असे 40 अंशांचे जेमतेम 50 लिटर पाणी मिळते. म्हणजे टब एक तृतीयांश भरतो, आणि दोन किलोवॅटचा गीझर पुन्हा तापण्यास लागणाऱ्या सुमारे 40 मिनिटांत ते पाणी निवूनही जाते. गच्चीवर 200 लिटरचा सोलर वॉटर हीटर असल्याशिवाय टबाचा हट्ट धरू नये. एरवी टब पाणीकपातीच्या दिवशी साठवणीच्या कामी येतो, एवढेच.

दुसरा प्रश्न वजनाचा. भारतीय मानक आयएस 875 नुसार राहत्या घरातील न्हाणीघरासाठी दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो चल भार (माणसे, सामान अशा बदलत्या गोष्टींचे वजन) धरला जातो. पाणी 150 किलो, माणूस 70 आणि ॲक्रिलिकचा टब 30 मिळून 250 किलो वजन जेमतेम सव्वा चौरस मीटरवर येते, म्हणजे आकडा थेट मर्यादेवर जातो. चांगल्या आरसीसी इमारतीतही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच पुढे जावे. जुन्या नाशकातील लाकडी तुळयांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर मात्र टबाचा विचारच करू नये.

शॉवरची अडचण निराळी असते. टाकीचा तळ शॉवरपासून जितका उंच, तितकाच दाब मिळतो: दर 10 मीटरला साधारण 1 बार (दाबाचे एकक). सर्वांत वरच्या मजल्यावर हे अंतर तीन मीटरच असेल, तर रुंद रेन शॉवरमधून पाणी नुसते ठिबकते. तेथे लहान तोंडाचा शॉवर किंवा प्रेशर पंप घ्यावा. खरेदीपूर्वी जुन्या शॉवरखाली एक मिनिट बादली धरून पाणी मोजावे. दहा लिटर भरले, तर दहा मिनिटांच्या अंघोळीला 100 लिटर लागतात, म्हणजे शॉवर आपोआप पाणी वाचवतो हा समज खरा नाही. बोअरच्या जड पाण्याने छिद्रे क्षाराने बुजतात. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यास ती मोकळी होतात.

आजी-आजोबा असलेल्या घरी टबाची दीड फूट उंच कड ओलांडणे धोक्याचे ठरते. तेथे खरबरीत टाइल, भिंतीत पक्का रोवलेला आधाराचा दांडा, बसण्यास स्टूल आणि हँड शॉवर ही व्यवस्था उत्तम. बादलीसाठी नळ खाली ठेवावाच. डोक्यावरून तांब्याने पाणी घेण्याची सवय सुटत नाही, आणि सुटण्याची गरजही नाही.

तळमजल्याचा बंगला, सोलर आणि पाठदुखीसाठी कोमट पाण्यात पडून राहण्याची खरी गरज असेल, तर टब जरूर घ्यावा. शॉवरसाठी तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते. उतार मीटरला किमान एक सेंटिमीटर नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतील पाणी जाण्याच्या जाळीकडे) ठेवावा. दोहोंपैकी काहीही निवडले, तरी टाइल बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर 48 तास पाणी साठवून खालच्या घराचे छत तपासावे, आणि त्यानंतरच ठेकेदाराचा पुढचा हप्ता द्यावा.