इपॉक्सी सोयातेल आणि एस्टर ऑइल: कारखान्यात या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत दोन प्रकारचे लोक या तेलांशी रोज झगडतात. एक, लवचीक पीव्हीसीचे होज आणि शीट काढणारे. दुसरे, हायड्रॉलिक पॉवरपॅक (तेलाच्या दाबाने मशीन हलवणारा पंप-टाकीचा संच) आणि सीएनसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीन) चालवणारे. तक्रारी वेगळ्या दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच असतं. रासायनिक बदल केलेल्या वनस्पती तेलाला, मग ते पीव्हीसीतलं इपॉक्सी सोयातेल असो की हायड्रॉलिकमधलं एस्टर ऑइल, एक तर साध्या खाद्यतेलासारखं वागवलं जातं, नाहीतर खनिज तेलासारखं. ते दोन्ही नाही.

ईएसबीओ म्हणून मिळणाऱ्या इपॉक्सी सोयातेलात सोयातेलाच्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लाच्या मदतीने ऑक्सिजनची इवलीशी कडी बसवलेली असते. सगळं काम ही कडी करते. पीव्हीसी तापला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. कडी त्याला पकडते आणि माल पिवळा पडणं लांबतं. कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझरबरोबर (पीव्हीसी उष्णतेने बिघडू नये म्हणून घालतात तो) तिचं चांगलं जमतं.

म्हणूनच रंग आणि भाव बघून ड्रम घेऊ नका. बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यात ऑक्सिरेन ऑक्सिजनचा, म्हणजे या कड्यांतल्या ऑक्सिजनचा, आकडा आधी वाचा. चांगल्या मालात तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास असतो. आयोडीन व्हॅल्यू जास्त असेल तर दुहेरी बंध शिल्लक आहेत, म्हणजे पुढे तेल हवेने खराब होणार. ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे तेलातल्या मोकळ्या आम्लाचं माप, १ च्या खाली हवी. ड्रम जुना असेल तर आकडे पुन्हा तपासून घ्या, कारण साठवणुकीत पाणी शिरलं तर कड्या उघडत जातात.

डीओपी कमी करून ईएसबीओ वाढवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. डीओपी हा पीव्हीसी मऊ करणारा मुख्य प्लास्टिसायझर. तो महागला की हा मोह होतो, आणि पहिले काही आठवडे माल उत्तम दिसतो. पण ईएसबीओ हा दुय्यम प्लास्टिसायझर आहे. १०० भाग पीव्हीसी रेझिनला ३ ते ५ भाग हे त्याचं नेहमीचं प्रमाण. त्याच्या दुप्पट-तिप्पट गेलात की ऊन, उष्णता आणि दमटपणाने कड्या उघडतात. मग तेलाचं पीव्हीसीशी जमेनासं होतं आणि ते पृष्ठभागावर येतं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारणीचा होज दिवसभर उन्हात पडलेला असतो. तिथे तो चिकट होऊन धूळ धरू लागला की शेतकरी दुकानदाराकडे जातो आणि दुकानदार तुमच्याकडे येतो.

हे कारखान्यातच कळू शकतं. शीटची एक पट्टी कापून घडी घाला आणि वळण तसंच राहील अशी क्लिपमध्ये अडकवून ठेवा. चार तासांनी, एका दिवसाने, तीन दिवसांनी आणि सातव्या दिवशी ती उलगडून घडीच्या आतल्या बाजूवर पातळ टिश्यू पेपर दाबून बघा. दाब आतल्या बाजूला पडतो, त्यामुळे तेल सुटायचं असेल तर आधी तिथेच सुटतं. कागद पारदर्शक झाला तर ते प्रमाण चालणार नाही. फॉर्म्युला बदलला की दर वेळी ही पट्टी लावावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. खर्च जवळपास शून्य आहे.

होजऐवजी बरणीच्या झाकणाचं गास्केट बनवत असाल तर आणखी जपा. तेलकट लोणचं किंवा सॉस ईएसबीओ ओढून घेतं. युरोपात अन्नात उतरणाऱ्या ईएसबीओची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे, लहान बाळांच्या अन्नासाठी ३०.

थंडीतला ड्रम

जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. उघड्या शेडमधला ड्रम सकाळी उघडला तर वर स्वच्छ तेल आणि तळाशी पांढरट गाळ दिसतो. माल खराब झालेला नाही, त्यातला जड भाग थंडीने गोठून खाली बसलाय. चूक होते ती यानंतर. कामगार वरचं तेल काढून बॅच घालतो आणि तळाचं दुसऱ्या बॅचला जातं. मग दोन बॅचचा पोत जुळत नाही. ड्रम बँड हीटरने सावकाश ४०-५० अंशांपर्यंत गरम करा, गडगडवा आणि मगच वापरा. खाली बर्नर लावू नका, तळाचं तेल करपून घट्ट होतं.

हायड्रॉलिकमध्ये एस्टर ऑइल भरताना

जुनं खनिज तेल नीट न काढता वर एस्टर ओतलं की फेस येतो. उरलेलं जुनं तेल २ टक्क्यांच्या खाली असावं, म्हणजे फ्लश केल्याशिवाय (नवं तेल फिरवून यंत्रणा धुतल्याशिवाय) भागत नाही. एस्टर जुना चिकटाही विरघळवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर लवकर तुंबेल. एक जादा फिल्टर जवळ ठेवा. गॅल्व्हनाइज्ड टाकी टाळा, कारण आम्ल आणि जस्त मिळून साबण तयार होतो. नायट्राइल रबरची सील कोणत्या ग्रेडची आहे ते पुरवठादाराला विचारा, काही ग्रेड फुगतात.

पावसाळ्यात ब्रीदरमधून (टाकीच्या हवेच्या तोंडातून) दमट हवा आत येते. पाणी आणि उष्णता मिळाली की एस्टर तुटून आम्ल बनतं. तापवलेल्या प्लेटवर तेलाचा थेंब टाका, तडतडला तर पाणी आहे. तडतडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, थोडं पाणी या चाचणीत कळत नाही. ॲसिड व्हॅल्यू दर महिन्याला लिहून ठेवा.

सीएनसीवर पितळेचा जॉब (कापायचा भाग) काळा पडत असेल तर कटिंग ऑइलमधलं सक्रिय गंधक तपासा. सल्फराइज्ड (गंधक जोडलेलं) वनस्पती तेल स्टीलला छान, पितळ-तांब्याला डाग पाडतं.

‘हे तेल आपोआप विघटित होतं’

या समजुतीने वापरलेलं तेल गटारात सोडणं मला सगळ्यात गंभीर वाटतं. सातपूर-अंबडजवळून नासर्डी वाहते आणि गोदावरीला मिळते. तेल विघटित होताना पाण्यातलाच ऑक्सिजन ओढून घेतं आणि मासे गुदमरतात. वापरलेलं तेल वेगळ्या ड्रममध्ये भरा, कोणत्या मशीनचं आणि कधी काढलं ते ड्रमवर लिहा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिप्रोसेसरकडेच द्या.