पाखाडी चढताना घेरी आली तर नाडी मोजा

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विजेचा इशारा खालच्या कप्प्यांत पोचेनासा झाला, की दोन्ही आपापल्या तालाने चालतात. वरचे मिनिटाला 70-80, खालचे जेमतेम 30-40. मेंदूला रक्त कमी पडतं.

माणसाला आडवं करा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं हलकेच टेकवून पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर मधे सुटलेले ठोके फसवतात. घेरीसोबत नाडी चाळिशीच्या आत असेल तर 108 लावा. पाखाडी उतरवताना चालवू नका, झोळीतून आडवंच न्या. शुद्ध आणि श्वास दोन्ही गेले तर लगेच छाती दाबायला लागा.

मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन चालू असेल तर पाकिटं सोबत घ्या. या गोळ्यांनीही इशारा अडतो. ग्रामीण रुग्णालयातला ईसीजी त्रास चालू असतानाच निघायला हवा, नंतर तो साफ येऊ शकतो. पेसमेकर (ठोके चालू ठेवणारं छोटं यंत्र) लागेल का, हे त्यावरून कळतं.