कादंबरीतली माणसं कागदी का वाटतात? या चुका टाळा

हस्तलिखित वाचायला देणारा लेखक हमखास विचारतो, ‘भाषा कशी वाटली? कथानक पकड घेतं ना?’ माणसं खरी वाटली का, हे फार थोडे विचारतात. आणि कादंबरी बहुतेक वेळा तिथेच आपटते. कथानकातली एखादी फट वाचक चालवून घेतो. पण ज्या माणसाबरोबर तीनशे पानं काढायची, तोच पुठ्ठ्याचा निघाला तर पुस्तक चाळिसाव्या पानावर मिटतं.

खाली ज्या चुका सांगतो आहे, त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे असं माझं मत आहे. लेखकाला पात्राचा स्वभाव पाठ असतो, त्याची परिस्थिती माहीत नसते. त्याच्या खिशात किती आहेत, कुणाला जाब द्यावा लागतो, उद्या सकाळी उठून त्याला कुठे जायचं आहे, याचा पत्ता नसतो.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण धरू. समजा, कादंबरी मुंबईच्या गिरणगावात, कापड गिरण्यांच्या वस्तीत घडते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आपला नायक यशवंत, वय ३४, संगमेश्वरकडचा, परळच्या एका गिरणीत बदली कामगार. बायको-मुलं गावी. जेवण चंद्राबाईंच्या खानावळीत.

विशेषणांवर माणूस उभा करणं

‘यशवंत प्रामाणिक, मनमिळाऊ, पण थोडा तापट आहे.’ पहिल्या मसुद्याच्या वहीत असं वाक्य असतंच. त्याखाली आवडता रंग, रास, लहानपणीची भीती असा तक्ता भरलेला असतो. असे तक्ते भरायला मजा येते, हे कबूल. पण यशवंतला आवडता रंग कुणी आयुष्यात विचारला नसेल.

त्याऐवजी बदली म्हणजे काय, ते बघा. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घ्यायचा तो बदली. पाळी सुरू होण्याआधी गेटवर जाऊन थांबायचं. काम निघालं तर आत, नाही तर आल्या पावली खोलीवर. खोलीही एकट्याची नाही. दहा-पंधरा गाववाले एकाच गाळ्यात, पाळ्यांनुसार आळीपाळीने झोपणारे. आता शेजारच्या पथारीवरचा गाववाला, कायम कामगार, रात्रभर खोकतो आहे. त्याने उद्या दांडी मारली तर यशवंतला काम मिळण्याची शक्यता आहे. यशवंत त्याला उठून पाणी देतो का? ‘उद्या जाऊ नको, आराम कर’ असं म्हणतो का? म्हणाला तर ते काळजीपोटी की कामापोटी, हे त्याचं त्याला तरी ठाऊक आहे का?

प्रामाणिक हा शब्द न वापरता एवढ्या एका रात्रीत माणूस दिसायला लागतो. पात्र अडलं की मी तीनच गोष्टी विचारतो: पैसे कुठून येतात, रात्री कुठे झोपतो आणि कुणाचं ऐकून घ्यावं लागतं. उत्तरं नेमकी मिळाली की स्वभाव आपोआप बाहेर पडतो.

सगळ्यांच्या तोंडी लेखकच बोलतो

‘मावशी, या संपाने आपणा सर्वांच्या आयुष्याची दिशाच बदलून टाकली आहे.’ असं खानावळीच्या ताटावर बसून कुणी बोलत नाही. हे अग्रलेखातलं वाक्य यशवंतच्या तोंडात कोंबलेलं आहे. चंद्राबाई यावर काय म्हणेल? ‘दोन महिन्यांचं बाकी हाय. डॉक्टर देनार का ते?’ कामगार सामंतांना डॉक्टरच म्हणायचे. या एका शब्दाने जे काम होतं, ते संपाची माहिती देणाऱ्या परिच्छेदाने होत नाही.

तपासायची सोपी युक्ती आहे. संवादांतली ‘यशवंत म्हणाला’, ‘बाई म्हणाल्या’ खोडा आणि आठवड्याने वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल तर दुरुस्ती हवी. पण ही दुरुस्ती करताना दुसरी चूक होते, ती बोलीची. काहीजण पानभर अनुस्वार, हेल, तोडलेले शब्द असं लिहितात की वाचकाला ओळ दोनदा वाचावी लागते. तीन-चार खुणा पुरतात. कोकणातला ‘नाय’ म्हणेल, सातारकडचा ‘न्हाई’. गिरणगावात कोकणी आणि घाटी एकमेकांची टर उडवायचे, त्यात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर असायचे, उत्तरेकडचे भय्ये असायचे. तिथे बोली हा चिडवण्याचा, गट पाडण्याचा मामला आहे, नुसता रंग भरण्याचा नाही. शिवाय हाच यशवंत टाइमकीपरसमोर उभा राहिला की त्याची भाषा एकदम शाळेतली होते. तो बदल दाखवा.

साचेखात्याचा, म्हणजे गिरणीत माग चालतात त्या खात्याचा आवाज विसरू नका. मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागे. तिथे वर्षं काढलेला माणूस घरी आल्यावर ओरडूनच बोलतो. पोरांना वाटतं बाबा चिडलेत. मुळात ‘थोडा तापट’ लिहायची गरजच उरली नाही.

आणि पत्रं! गावाकडची बायको ‘प्रिय यशवंत’ लिहिते, असं वाचलं की मी पान तिथेच दुमडतो. १९८२ च्या खेड्यातली ही बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. तिला लिहिता येत नसेल, तर पत्र शाळेत जाणाऱ्या दिराकडून लिहून घेते, सासऱ्याच्या देखत. म्हणजे जे सांगायचं तेच सांगता येत नाही. ‘इकडील सर्व क्षेम’ एवढ्याच शब्दांत तिला उधारी, पोराचा ताप आणि राग हे सगळं बसवावं लागतं. हा प्रसंग तुमच्या हाती आयता आला आहे, आणि तुम्ही ‘प्रिय’ लिहून तो घालवता.

वय आणि साल जुळत नाही

यावर फार बोलायला नको, कागद घेऊन बसा. ३४ वर्षांचा यशवंत म्हणजे जन्म १९४८ चा. आणीबाणी आली तेव्हा २७. १९७२ च्या दुष्काळाने तो मुंबईला आला असं लिहाल तर सांभाळा. तो दुष्काळ मुख्यतः घाटावरचा आणि मराठवाड्याचा, त्याने सातारकडचा माणूस मुंबईत येईल. संपात गावी परतणाऱ्या यशवंतला कोकण रेल्वेत बसवू नका, तो मार्ग पूर्ण खुला झाला जानेवारी १९९८ मध्ये. त्याला एसटीच पकडावी लागेल, आणि तिकिटाला पैसे कुणाकडून घेतले हाही एक प्रसंग होतो. १९७५ साली जन्मलेल्या त्याच्या मुलीचं नाव संगीता किंवा सुनंदा असेल, आर्या नसेल.

जुनी माणसं अजून आहेत, त्यांच्याशी बोला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखती पुस्तकरूपात आणल्या आहेत. अशा आठवणींत माणूस स्वतःच्या शब्दांत बोलतो, ते वर्तमानपत्राच्या कात्रणांत सापडत नाही.

बाई एकतर सोसते, नाहीतर पेटून उठते

चंद्राबाईकडे जरा थांबू, कारण नवोदितांच्या कादंबरीत सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर होतो. तिला ‘मायाळू खानावळवाली’ करतात. डोळ्यांत पाणी, हातात भाकरी. किंवा शेवटच्या प्रकरणात ती अचानक मोर्च्याच्या पुढे झेंडा घेऊन.

तिचा हिशेब मांडून बघा. वीस माणसं जेवतात. पैसे पगार झाल्यावर. वाण्याकडे तिचं खातं उधारीचं. पूर्वी सावकाराकडून व्याजाने काढावं लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच बायकांना एकत्र आणून, आणि बँकेचं कर्ज मिळवून देणं हे त्याचं मोठं काम. तेव्हा चंद्राबाईवर बँकेचा हप्ता असू शकतो, आणि त्या कर्जाची ऐपत आपल्याला आहे हा ताठाही. आता जानेवारीत संप लागला. फेब्रुवारीत पगार नाही. वीसपैकी बारा जण गावी निघून गेले, त्यातल्या किती जणांनी बाकी चुकती केली? उरलेले आठ दोन वेळा ताटावर बसतात. आधी ती मासळी बंद करते. मग डाळ पातळ होते. मग आठातल्या कुणाला तरी ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणावं लागणार आहे.

कुणाला? नियमित पैसे देणाऱ्या पण तोंडाळ माणसाला? तीन महिने थकवलेल्या, पण तिच्या पोराला शाळेत पोचवणाऱ्या यशवंतला? की ज्याचं या शहरात कुणीच नाही अशा म्हाताऱ्याला? ती ज्याला काढते आणि ज्या शब्दांत काढते, ती चंद्राबाई. तिने म्हाताऱ्याला काढलं आणि रात्री यशवंतला पातेल्याच्या तळचा भात वाढला, तर वाचकाला ती आवडेलच असं नाही, पण तो तिला विसरणार नाही. मग पुढे ती मोर्च्यात गेली तरी चालेल. का गेली ते वाचकाने मागे पाहिलेलं असेल.

खलनायकाला कारणच नाही

संपात कामावर जाणारा गणपत हा आपल्या कादंबरीतला ‘गद्दार’. त्याला मिशा, पान आणि कुत्सित हसणं दिलं की काम झालं असं वाटतं. त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे, असं करून बघा. ग्रॅच्युइटी बुडेल या भीतीने तो रात्री झोपत नाही. मान्यताप्राप्त संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ, तिच्यात तो कित्येक वर्षं वर्गणी भरत आलेला, त्यामुळे सामंतांवर त्याचा विश्वास नाही. पोलीस बंदोबस्तात गेटमधून आत जाताना तो मान खाली घालतो की मुद्दाम वर ठेवतो, एवढं ठरवा. वाचकाने त्याच्या बाजूने व्हायला नको, पण त्याच्या जागी आपण असतो तर, हा प्रश्न त्याला पडायला हवा.

एका रात्रीत मतपरिवर्तन

शेवटून तिसऱ्या प्रकरणात माणूस एकदम बदलतो, ही तक्रार फार जुनी. उपाय शेवटाकडे शोधू नका, मागे जा. बदलण्याची दोन कारणं पहिल्या शंभर पानांत कुठेतरी सहज पेरलेली हवीत, आणि एकदा तरी तो बदलता बदलता राहिलेला दिसायला हवा. लहानपणीचा एखादा आघात शेवटी उघड करून सगळ्याचा उलगडा करू नका. ती पळवाट आता वाचकाला लांबूनच दिसते.

‘माझी पात्रं माझं ऐकतच नाहीत’ असं काही लेखक कौतुकाने सांगतात. मला त्यात आळस दिसतो. पात्र वाटेल तिकडे जातंय म्हणजे बहुधा त्याच्या मार्गात अडचण ठेवायची राहिली आहे.

मसुदा कुणाला दाखवायचा असेल तर

‘आवडलं का?’ विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. निम्मी कादंबरी वाचून झाल्यावर विचारा, ‘पुढच्या महिन्यात चंद्राबाई काय करेल?’ कुणालाच सांगता आलं नाही तर ती धूसर आहे. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं आणि ते बरोबर निघालं तर ती ठोकळेबाज झाली आहे. आणि वाचणारे तिच्यावरून आपसात भांडू लागले, तर तिला आता हात लावू नका. उरलेला वेळ गणपतच्या घरच्या माणसांना द्या, ती अजून दोन-दोन वाक्यांचीच आहेत.