गर्भाशयातला जंतुसंसर्ग: गरोदरपणात ओळखायचा कसा आणि करायचं काय

गर्भजल, त्याभोवतीची पिशवी किंवा वार यांत जंतू शिरले की डॉक्टर त्याला कोरिओॲम्निओनायटिस म्हणतात. केसपेपरवर ‘इन्ट्राॲम्निओटिक इन्फेक्शन’ असंही लिहिलेलं दिसेल, आजार तोच. बहुतेक वेळा हे जंतू कुठून बाहेरून आलेले नसतात. ई. कोलाय, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, गार्डनरेला, युरियाप्लाझ्मा ही मंडळी योनिमार्गात किंवा आतड्यात एरवी निमूट राहतात. संधी मिळाली की गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात, आणि सहसा दोन-तीन प्रकार एकत्रच सापडतात. पिशवी शाबूत आणि गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेपर्यंत ही वाट बरीचशी बंद असते. पाणी फुटलं की ती उघडते, आणि जितके तास जातात तितका धोका वाढतो.

म्हणून पाणी फुटल्याची शंका आली की पहिलं काम घड्याळ पाहायचं. वेळ लक्षात ठेवू नका, लिहून ठेवा. रुग्णालयात पहिल्या दोन-तीन प्रश्नांत हा प्रश्न असतोच, आणि ‘रात्री कधीतरी’ या उत्तराचा काही उपयोग होत नाही. पाणी फुटून १८ तास उलटले आहेत का, यावर काही वेळा अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरतं.

मग स्वच्छ, पांढरा सॅनिटरी पॅड लावा. टॅम्पॉन किंवा कप नको. अर्धा तास पडून राहा आणि उठून उभ्या राहा: योनिमार्गात साचलेलं गर्भजल उभं राहिल्यावर एकदम खाली येतं. नेहमीचा पांढरा स्राव दाट असतो, पॅडवर एका जागी राहतो. गर्भजल पाण्यासारखं पसरतं आणि पॅड बदलला तरी पुन्हा भिजतो. लघवीचा वास ओळखीचा असतो, पण शेवटच्या महिन्यांत थोडी लघवी नकळत जातेच, त्यामुळे गोंधळ होतो. पाणी स्वच्छ किंवा किंचित गुलाबीसर असेल तर ठीक. हिरवट-तपकिरी असेल तर बाळाने पोटात शी केली आहे. पिवळट आणि गढूळ किंवा घाण वास येणारं असेल तर संसर्गाचा संशय घ्यायचा. पॅड फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या.

रंग बदलणाऱ्या पट्टीने घरी चाचणी करण्यात अर्थ नाही. योनिमार्ग आम्लधर्मी आणि गर्भजल किंचित अल्कधर्मी, या फरकावर ती पट्टी चालते. पण रक्त, वीर्य किंवा बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनिमार्गातल्या जंतूंचा समतोल बिघडणं) असेल तरीही रंग तसाच बदलतो.

पाणी फुटल्यानंतर योनिमार्गात काहीही जाता कामा नये. शरीरसंबंध नको, आतून धुणं नको, बोट घालून पाहणं तर नकोच. अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालेल, टबात बसणं टाळा. बाळ आडवं किंवा पायाळू असेल, किंवा खाली नाळेसारखं काही हाताला लागलं, तर गुडघ्यांवर ओणव्या होऊन डोकं खाली आणि कंबर वर ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. ही घाई संसर्गामुळे नसते, नाळ दबून बाळाचा रक्तपुरवठा थांबू नये म्हणून असते.

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत पाणी गेलं तर कळा नसल्या, ताप नसला तरी लगेच निघा. ३७ नंतर फुटलं तर फोन करून विचारा. ताप, घाण वास, हिरवं पाणी, पोटात दुखणं, रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी, यांपैकी काहीही असेल तर फोनवर वेळ घालवू नका.

ताप मोजताना होणाऱ्या चुका

डिजिटल थर्मामीटर जिभेखाली, मागच्या बाजूला ठेवा आणि तोंड मिटून बीप होईपर्यंत थांबा. गरम-थंड काही प्यायला असाल तर अर्ध्या तासाने मोजा. पाणी फुटलेलं असेल आणि डॉक्टरांनी घरी थांबायला सांगितलं असेल, तर जागेपणी दर चार तासांनी मोजून वेळेसह लिहा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, हा घर सोडायचा आकडा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे मोजण्याआधीच पॅरासिटामॉल घेणं. ताप उतरतो, संसर्ग तिथेच राहतो, आणि तपासणाऱ्यासमोर आकडा नॉर्मल येतो. गोळी घेतलीच असेल तर किती वाजता, किती मिलिग्रॅम, हे सांगा. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेणं त्याहून वाईट: गर्भाशयातल्या संसर्गाला ती पुरत नाही आणि कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) जंतू मात्र सापडेनासा होतो.

ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असंही धरून चालू नका. दिवस भरायच्या बरेच आधी होणारा संसर्ग पुष्कळदा दबक्या पावलांनी येतो: ना ताप ना वास, फक्त पोट वारंवार कडक होतं किंवा थेंब थेंब पाणी जातं. क्वचित पिशवी न फुटताही संसर्ग होतो. लिस्टेरिया नावाचा जंतू न उकळलेल्या दुधासारख्या अन्नातून पोटात जातो आणि रक्तातून थेट वारेपर्यंत पोहोचतो. फ्लूसारखी अंगदुखी आणि ताप एवढंच त्याचं रूप असतं. गरोदरपणात कारण न सापडलेला ताप म्हणूनच साधा समजायचा नसतो.

रुग्णालयात काय व्हायला हवं

पाणी फुटल्याची खात्री निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारं उपकरण) घालून, डोळ्यांनी बघून करतात. कळा सुरू नसतील तर बोटांनी आतली तपासणी टाळलेली बरी, कारण दर तपासणीत खालचे जंतू वर ढकलले जातात. कळांमध्ये तपासणी लागतेच, पण ‘आत्ता तपासल्याने निर्णय बदलणार आहे का?’ असं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

निदानाचा ढोबळ नियम असा. ताप एकदाच ३९ किंवा वर गेला तर संसर्ग धरून उपचार सुरू करतात. ३८ ते ३८.९ असेल तर ३० मिनिटांनी पुन्हा मोजतात. तो तसाच राहिला आणि सोबत बाळाचे ठोके मिनिटाला १६० च्या वर, आईच्या पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर किंवा गर्भाशयाच्या तोंडातून पूसारखा स्राव, यांपैकी एक जरी असलं तरी संसर्ग धरतात. यातला पांढऱ्या पेशींचा आकडा सगळ्यात फसवा. कळांमध्ये त्या वाढतातच, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या स्टिरॉइडनेही वाढतात. एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेतलेल्या बाईलाही संसर्गाशिवाय ताप येऊ शकतो. शंका असली की डॉक्टर उपचारांच्या बाजूने झुकतात, आणि ते बरोबरच आहे. अँटिबायोटिकची काही जादा इंजेक्शनं परवडतात, बाळाच्या रक्तात उतरलेला संसर्ग परवडत नाही.

दिवस भरायला बराच अवकाश असेल आणि चित्र स्पष्ट नसेल तर पोटातून सुई घालून गर्भजल काढून तपासता येतं. त्यातली साखर १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा खाली असेल तर जंतू ती खात आहेत असा संशय घेतात. कल्चरला मात्र दोन-तीन दिवस जातात.

औषधं शिरेतूनच देतात. नेहमीची जोडी म्हणजे ॲम्पिसिलीन २ ग्रॅम दर ६ तासांनी आणि जेंटामायसिन वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. हे आकडे चार्ट वाचता यावा म्हणून दिले आहेत, स्वतः घेण्यासाठी नाहीत. सिझेरियन झालं तर क्लिंडामायसिन ९०० मिलिग्रॅम किंवा मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम जोडतात, कारण ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू पहिल्या दोन औषधांच्या तावडीतून सुटतात. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर नुसतं ‘ॲलर्जी आहे’ म्हणू नका. पुरळ आलं होतं, की श्वास कोंडून चेहरा सुजला होता, ते सांगा. त्यावरच पर्याय ठरतो.

औषध सुरू झालं तरी संसर्ग झालेलं गर्भाशय रिकामं झाल्याशिवाय तो आटोक्यात येत नाही. त्यामुळे बाळ अपुऱ्या दिवसांचं असलं तरी प्रसूती लांबवत नाहीत, कळा थांबवायची औषधंही देत नाहीत. याचा अर्थ सिझेरियनच करावं लागतं असा नाही. केवळ संसर्ग हे सिझेरियनचं कारण नव्हे. पण संसर्ग झालेल्या गर्भाशयाचे स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे कळा रेंगाळतात आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव जास्त होतो. रक्तगटाचा रिपोर्ट हाताशी ठेवा.

पाणी लवकर फुटलं आणि संसर्गाची खूण नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दिवस पदरात पाडून घेण्यासाठी ७ दिवसांच्या आसपास अँटिबायोटिक आणि बाळासाठी स्टिरॉइड देऊन नजर ठेवतात. या वेळी को-ॲमॉक्सिक्लॅव हे अँटिबायोटिक टाळतात, कारण त्यामुळे नवजात बाळाच्या आतड्याला गंभीर इजा होण्याचा धोका वाढल्याचं २००१ सालच्या मोठ्या चाचणीत दिसलं.

बाळंतपणानंतर

नॉर्मल प्रसूती झाली असेल तर अँटिबायोटिक बहुधा तिथेच थांबवतात, सिझेरियननंतर सहसा आणखी एक डोस देतात. लवकर बंद केलं म्हणून घाबरू नका. घरी आल्यावर पुन्हा ताप, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास किंवा ओटीपोटात वाढतं दुखणं असेल तर परत जा. थंडी वाजून हुडहुडी, धाप, बरळणं, लघवी फारच कमी होणं, किंवा अंगाचं तापमान ३६ च्या खाली जाणं ही रक्तात संसर्ग पसरल्याची लक्षणं आहेत. तिथे सकाळची वाट पाहू नये.

बाळाची रक्ततपासणी होईल, काही वेळा अँटिबायोटिकही सुरू करतील. दूध न ओढणं, सुस्त पडून राहणं, कण्हणं, भराभर श्वास, अंग तापणं किंवा गार पडणं, यांतलं काहीही दिसलं की लगेच दाखवा. नवजात बाळाला संसर्गात ताप येईलच असं नाही. आईचं दूध चालू ठेवायला सहसा काही अडचण नसते.

वार तपासणीला पाठवली आहे का, हे डिस्चार्जआधी विचारा. तिचा रिपोर्ट उशिरा येतो आणि तो आणायला जायचं राहूनच जातं. पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत तो दाखवा. मग लघवीचं कल्चर (काही त्रास नसतानाही), स्राव वेगळा वाटल्यास त्याची तपासणी आणि ३६-३७ आठवड्यांत ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसचा स्वॅब घ्यायचा का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. स्वॅबमध्ये तो जंतू सापडला तर पेनिसिलीन कळा सुरू झाल्यावर देतात आणि बाळ जन्मण्याआधी किमान चार तास ते मिळालेलं असावं लागतं, म्हणून अशा वेळी घरी कळा काढत बसू नका.