केस जिंकलो पण समोरचा दुसऱ्या राज्यात पळाला, आता पैसे कसे काढायचे?

घाबरू नका, केस परत लढायची नाहीये. ज्या कोर्टाने हुकूमनामा (डिक्री) दिला तिथेच सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) कलम ३९ खाली अर्ज टाकायचा, की तो माणूस आता अमुक जिल्ह्यात राहतो किंवा त्याची प्रॉपर्टी तिकडे आहे, तर डिक्री तिकडच्या कोर्टाला पाठवा. सोबत डिक्रीची कॉपी आणि वसुली झाली नाही (किंवा किती झाली) असा कोर्टाचा दाखला जातो. मग तिकडे वकील करून दरखास्त (डिक्रीची अंमलबजावणी करा असा अर्ज) दाखल करायची, ते कोर्ट स्वतःचीच डिक्री असल्यासारखी जप्ती करू शकतं.

खरी डोकेदुखी म्हणजे त्याच्याकडे आहे काय हे शोधणं. बँक खातं, नोकरी, जमीन जे कळेल ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर सीपीसीच्याच ऑर्डर २१ रूल ४१ खाली त्यालाच मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावता येतं. पगारावर फार भिस्त ठेवू नका, पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही.

दरखास्त टाकायची मुदत १२ वर्षं आहे, पण तोवर तो जमीन विकून मोकळा होईल हो, लगेच लागा मागे.