पाण्याला उतार शोधताना: ब्रूक्स रेंजला निघालेल्या सातारकरांसाठी

ब्रूक्स रेंज ही अलास्कातली डोंगररांग. तिथल्या गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानात रस्ते नाहीत, आखलेल्या पायवाटाही नाहीत. आडवी आलेली नदी पाण्यात उतरूनच ओलांडायची. वासोटा पायाखालचा असलेल्यांना तिथले डोंगर जमतील. अडतं ते पाण्यापाशी.

कासच्या सड्यावर पाऊस कातळात मुरत नाही आणि खालचा ओढा बघता बघता फुगतो. तिकडे थोड्याच खोलीवर जमीन कायम गोठलेली, त्यामुळे तसंच होतं. तंबू काठाला लावू नका. मागच्या पुरानं काटक्या कुठवर टाकल्यात ते बघा आणि त्याच्या बऱ्याच वर लावा.

उतार, म्हणजे नदी ओलांडायची जागा, शोधायला अर्धा तास गेला तरी चालेल. पात्र अरुंद दिसलं की मोह होतो, पण तिथेच पाणी खोल आणि जोराचं असतं. गोट्यांच्या पसरट पात्रात नदीला चार-पाच फाटे फुटतात, तिथे ओलांडा. वळणाची बाहेरची बाजू टाळा. खालच्या अंगाला आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडाच. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

काटकी पाण्यात टाकून काठानं चाला. ती तुमच्या पुढे पळाली, किंवा तळाशी गोटे घरंगळल्याचा खडखडाट ऐकू आला, तर थांबा. जोराचं पाणी गुडघ्यावर येत असेल तरीही थांबा. पाऊस उघडल्यावर लहान नद्या लवकर उतरतात. म्हणून दोन दिवसांचा जादा शिधा हवाच, तोही अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात.

उतरताना मोजे काढा, बूट पायातच ठेवा. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, नाहीतर पडल्यावर सॅक पाण्याखाली दाबून धरते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली. दोन पाय आणि काठी, यातलं एका वेळी एकच हलवा. वाहून गेलातच तर उताणे व्हा, पाय प्रवाह जातो त्या दिशेला. उथळ लागेपर्यंत उभं राहू नका, पाऊल दगडांत अडकतं.

बर्फाच्या पाण्यानं पावलं लगेच बधिर होतात, खालचा गोटा हलतोय हेही कळत नाही. मध्ये विसावा नको. कोरडे मोजे आणि स्लीपिंग बॅग प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा.

सराव दिवाळीनंतर, बामणोलीकडच्या एखाद्या ओढ्यात करा. पावसाळ्यात नको. पंधरा किलोची सॅक, गुडघ्याखाली पाणी. अर्ध्यावरून माघारी येणं खास घोटवा: प्रवाहाला पाठ न देता, तोंड तसंच ठेवून आडव्या पावलांनी.