छोट्या पंख्यांसाठी अ‍ॅडॅप्टर घ्यायला निघण्याआधी

टीव्हीखालच्या बंद कपाटात राउटर, सेटटॉप बॉक्स आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर तापतात म्हणून दोन-तीन छोटे पंखे लावायचे ठरवलं असेल, तर दुकानात जाण्याआधी हे वाचून घ्या. पंखे मिळतात, बसतातही. घोळ होतो तो अ‍ॅडॅप्टरचा. माझाही झाला, म्हणून हा खटाटोप.

आधी पंख्याच्या मधल्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर ‘डीसी १२ व्होल्ट, ०.३० अँपिअर’ असं काहीतरी असेल. ‘एसी २३० व्होल्ट’ असेल तर तो पॅनलचा पंखा, त्याला अ‍ॅडॅप्टर लागतच नाही. १२० मिलिमीटरचे हे दोन्ही पंखे बाहेरून जवळपास सारखे दिसतात, तेव्हा काउंटरवरच्या पोराच्या शब्दावर जाऊ नका, स्टिकर वाचा. यूएसबीचे पंखे ५ व्होल्टचे असतात. १२ व्होल्टचा पंखा टीव्हीच्या यूएसबीला जोडाल तर बहुधा सुरूच होणार नाही.

व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर मात्र जास्त असलेले चालतात. ‘५ अँपिअरचा लावला तर पंखा जळेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील, ऐकून सोडून द्या. पंखा त्याला हवा तेवढाच करंट ओढतो.

आता जो आकडा सगळे विसरतात तो. पंखा फिरत असताना जेवढा करंट घेतो, त्यापेक्षा सुरू होताना जास्त घेतो. बंद रिक्षा ढकलताना पहिला जोर जास्त लागतो, तसंच. म्हणून स्टिकरवरच्या अँपिअरची बेरीज करा आणि ती दुप्पट करा. ०.३० चे तीन पंखे म्हणजे ०.९०, दुप्पट १.८०, म्हणजे २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर. काही कंपन्या स्टिकरवर कमाल करंट छापतात, तिथे दुप्पट जरा जास्त होईल. होऊ दे. ‘०.९० ना, मग १ अँपिअरचा पुरे’ हा हिशेब मीच केला होता, आणि तो फसवा अशासाठी की सुरुवातीला सगळं नीट चालतं. बसवताना आपण पंखे एकेक करून जोडतो, पहिला फिरायला लागल्यावर दुसरा, मग तिसरा. अ‍ॅडॅप्टर कुरकुर न करता सगळे ओढतो. मग एके दुपारी लाइट जाते, परत येते, आणि तिन्ही पंखे एकदम उठायला बघतात. पाती बोटभर सरकतात, थांबतात. पुन्हा सरकतात, पुन्हा थांबतात. अ‍ॅडॅप्टरवरचा हिरवा दिवा त्याच तालात मिचमिचतो. आतलं संरक्षण ओव्हरलोड समजून करंट तोडतं, परत देऊन बघतं, परत तोडतं. आपण असतो ऑफिसात, आणि कपाट भर उन्हाळ्यात बंद.

तेव्हा बेरीज, मग दुप्पट. पुढे चौथा पंखा लावायचा विचार असेल तर तोही आत्ताच धरा.

घरात पडलेला जुना अ‍ॅडॅप्टर वापरायचा असेल तर उचलून बघा. ठोकळ्यासारखा जड असेल तर आत ट्रान्सफॉर्मर आहे. त्यातल्या बऱ्याच जणांवर १२ लिहिलेलं असतं, पण लोड नसताना, म्हणजे काहीच जोडलेलं नसताना, मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) १६-१७ दाखवतो. काहींचं तर आउटपुटच एसी असतं. हे नकोतच. हलका, एसएमपीएस प्रकारचा (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) घ्या आणि त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे ढिगाने मिळतात. ढिगातला सर्वात स्वस्त घेऊ नका, कारण त्यावर छापलेले २ अँपिअर तो देईलच असं नाही, आणि मग तुमचं दुप्पट करणं वाया.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून थेट वायर काढायचा मोह होतो. ती ‘१२ व्होल्ट’ बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते. पंख्याच्या माहितीपत्रकात कमाल व्होल्टेज किती दिलंय ते बघून मगच काय ते करा. बारा व्होल्टचं म्हणून मिळणारं सोलर पॅनेल उन्हात, लोड नसताना २० च्या वर दाखवतं. ते मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर घातल्याशिवाय नाहीच.

पिन नेऊन बघा. ५.५ × २.१ आणि ५.५ × २.५ अशा दोन मापांच्या पिना डोळ्यांना सारख्या दिसतात आणि चुकीची एकतर ढिली बसते, नाहीतर बसतच नाही. अ‍ॅडॅप्टरवरच्या गोलाच्या चित्रात मधला टिंब प्लसला जोडलेला हवा. तरीही मल्टिमीटरने एकदा बघा. सगळे पंखे पॅरलल जोडा, म्हणजे सगळ्यांचे प्लस एकत्र, सगळ्यांचे मायनस एकत्र. २४ व्होल्टवर दोन पंखे सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, लावायची शक्कल कोणी सुचवली तर हात जोडा, व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं जाईल याची खात्री नसते. कॉम्प्युटरच्या पंख्याला तीन किंवा चार वायरी असतात. तुम्हाला प्लस आणि मायनस दोनच हव्यात, बाकीच्या टेप लावून सोडून द्या, पंखा पूर्ण वेगाने फिरेल.

आवाज फार वाटला तर ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावून बघा. वारा कमी होतो, पण बेडरूममध्ये बरं. फक्त पंखे थांबलेल्या अवस्थेतून ९ वर उठतात का ते तपासा. हो, परत तेच, सुरू होतानाचं.

अ‍ॅडॅप्टर कपाटाच्या बाहेर ठेवा, आतल्या उष्णतेत त्याचीच दमछाक होते. पंख्याच्या कडेवर बहुधा वाऱ्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघून गरम हवा बाहेर फेकेल असा बसवा. थंड हवा यायला खाली भोक हवं, हे सांगायला नकोच.

सगळं जोडून झालं की बोर्डाचा स्विच बंद करा. पाती पूर्ण थांबू द्या, अ‍ॅडॅप्टरचा दिवा विझू द्या, मग चालू करा. पंखे एकदम उठले पाहिजेत. असं चार-पाच वेळा करा, कपाट तापलेलं असताना एकदा तरी. एकही अडखळला तर बिल जपून ठेवलंय ना बघा आणि अ‍ॅडॅप्टर बदलून आणा. बाकी जाळी, स्क्रू, वायरी क्लिपने बांधणं, दिवाळीच्या साफसफाईत पात्यांवरची धूळ, ते तुमचं तुम्ही बघाल.